भुलाबाई (विदर्भ)

भुलाबाई हा विदर्भातला, विशेषतः वऱ्हाडातला, मुलीबायांचा गाण्यांचा उत्सव. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते ती कोजागिरीपर्यंत. महिनाभर जमत नाही तिथे कोजागिरीची रात्र तरी होतेच. पश्चिम महाराष्ट्रातला भोंडला आणि खानदेशातली गुलाबाई ही याच कुळातली. भोंडल्यात फेर हत्तीभोवती धरतात, इथे मात्र नवराबायकोची जोडी बसवतात.

ही जोडी शंकर-पार्वतीची. लोककथेत सारीपाटात हरलेले शंकर रुसून रानात निघून जातात. पार्वती भिल्लिणीच्या वेशात मागोमाग जाते आणि घर सोडून आलेला हा नवरा त्या परक्या भिल्लिणीवर भाळतो. ती त्याचीच बायको निघते, म्हणून निभावतं! मुळाशी अशी गोष्ट असल्यावर गाणी सोवळ्यात राहणं कठीणच.

मातीची भुलाबाई, भुलोजी आणि बहुधा मांडीवर बाळगणेश अशा मूर्ती कोनाड्यात किंवा पाटावर ठेवतात. कोजागिरीला त्यांच्यावर ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव करतात: शेंडे एकत्र बांधायचे, बुडखे पसरायचे. धांडा हिरवा हवा. वाळलेला वाकवताना मोडतो. सोयाबीनने ज्वारीची जागा घेतल्यापासून धांडे मिळवणं हेच मोठं काम झालं आहे.

गाणी टाळ्यांवर किंवा टिपऱ्यांवर म्हणतात. एकीने ओळ सांगायची, बाकीच्यांनी उचलायची. सुरुवात देवाच्या नावाने होते, पण लवकरच गाडी सासरी वळते. माहेरी जाऊ मागणाऱ्या सुनेला सासू आधी कारल्याचा वेल लावायला सांगते. तो लावला की त्याला कारली येऊ दे, मग भाजी कर, अशा अटी वाढतच जातात. दुसऱ्या एका गाण्यातला नवरा ठार वेडा: बायकोच्या करंज्या होड्या समजून पाण्यात सोडतो, लाडूंचे चेंडू करतो आणि शेवटी झोपलेल्या बायकोला मेली म्हणून जाळून येतो. सगळ्यात बोचरं गाणं रुसलेल्या सुनेचं. सासू, सासरा, दीर दागिन्यांचं आमिष दाखवतात, ती हलत नाही. काही पाठांत नवरा चाबूक घेऊन येतो आणि ती निमूट निघते. फेरातल्या मुली इथे हसतात. थट्टा आणि धाक एकाच ओळीत आहेत, हे मोठ्या बायांना बरोबर कळतं.

हे सगळं खरी सासू अंगणात बसलेली असताना म्हटलं जातं. गाण्यात कोणाचंच नाव नसतं, नुसती नाती असतात, म्हणून ते खपतं. मुद्दाम कोणाचं नाव घातलं की गंमत संपून भांडण सुरू होतं. चाल मोडू नये म्हणून नवी कडवीही जुन्याच ठेक्यात बसवतात.

गाणी झाली की खिरापत ओळखायची. घरवाली झाकलेला डबा हलवते; मुली ‘गोड की तिखट’, ‘ओलं की कोरडं’ असं विचारत जातात. फुटाणे, शेंगदाणे आवाजाने लगेच सापडतात. शिरा वाजत नाही, पण गरम असला तर वासाने ओळखू येतो. म्हणून तो गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरतात. मुरमुऱ्यात थोडे फुटाणे मिसळले की भलेभले चुकतात. हार कबूल केल्याशिवाय झाकण काढत नाहीत. खिरापत मात्र हरलेल्यांनाही तेवढीच.