अठरा ग्रॅमची ओढ

खानदेशात गॅस घरोघरी पोचला, पण चूल काही हटली नाही. मांड्यांचं खापर गॅसच्या शेगडीवर नीट बसत नाही, थंडीत अंघोळीचं पाणी लागतं आणि कपाशी उपटून झाली की बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग फुकटच पडलेला असतो. मग चुलीचा धूर घराबाहेर काढायला पत्र्याची नळी बसवून घेतात, आणि तरीही पुष्कळदा धूर घरातच कोंडतो.

धूर वर चढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो ढकलला जातो. ३० अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा साधारण १,१६० ग्रॅम भरते, १५० अंशांची जेमतेम ८३०. नळीत गरम हवेचा खांब आणि बाहेर तेवढ्याच उंचीचा थंड हवेचा, अशी ही दोन पारडी. बाहेरचं जड पारडं चुलीच्या तोंडातून आत रेटतं, आतलं हलकं वर जातं. हीच नळीची ओढ. सहा इंची, तीन मीटर उंच नळीचा हिशेब केला तर दोन्ही खांबांच्या वजनातला फरक निघतो फक्त १८ ग्रॅम! सगळा धूर एवढ्याशा जोरावर बाहेर जायचा असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ वर गेला की हा फरक १५ ग्रॅमवर येतो, आणि पौषातल्या १० अंशांच्या पहाटे २२च्या वर जातो. तीच नळी हिवाळ्यात छान ओढते आणि उन्हाळ्यात रुसते, ती यामुळे.

रुसण्याचं आणखी एक कारण आहे. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर भर दुपारी बाहेरच्यापेक्षा गार असतं. चूल पेटवायच्या आधी नळीच्या घरातल्या भागातली हवाही गार, म्हणजे बाहेरच्यापेक्षा जड. ती खाली उतरते आणि पहिला धूर तोंडावर येतो. अशा वेळी नळीच्या बुडाशी कागदाचा बोळा पेटवून आधी नळी तापवावी, मग सरपण घालावं.

जोडणीत सगळ्यात जास्त गैरसमज आहे तो सांध्यांबद्दल. वरच्या नळीचं तोंड खालच्या नळीत बसवायचं की खालचं वरच्यात? धूर फटीतून निसटू नये म्हणून बहुतेक जण खालची नळी वरच्यात घुसवतात. पण ओढ चालू असताना नळीतला दाब खोलीपेक्षा कमी असतो. फटीतून धूर बाहेर येत नाही, उलट खोलीतली हवा आत जाते. बाहेर येतो तो रस. ओल्या लाकडाची वाफ आणि न जळलेला धूर थंड पत्र्यावर निवतो आणि काळा, चिकट, डांबरासारखा द्रव खाली ओघळतो. वरची नळी खालच्या नळीच्या आत असेल तर तो चुलीत परत जाऊन जळतो, नाहीतर भिंत रंगवतो. म्हणून प्रत्येक नळीचं निमुळतं टोक चुलीकडे. छताच्या वर मात्र पाऊस सांध्यात शिरू नये म्हणून बाहेरून पत्र्याची कॉलर लावावी. आणि फटीही बुजवाव्यातच, कारण आत शिरणारी थंड हवा नळी गार करते, म्हणजे १८ ग्रॅममधूनच खाते.

चुलीचं तोंड सहा इंची असताना स्वस्त पडते म्हणून चार इंची नळी लावली, तर वाट निम्म्याहून अरुंद होते. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बरे. आडवा तुकडा शक्यतो नकोच. लागलाच तर आखूड आणि उभ्या नळीच्या दिशेने थोडा चढता. चुलीजवळचा पहिला मीटरभर काळ्या पत्र्याचा घ्यावा, कारण गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचं जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि फार तापलं तर त्याचा धूर अंगाला बाधतो. जुने ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप तर कापूच नयेत, त्यांचे तंतू फुप्फुसात जातात.

वर्ध्याच्या मगनवाडीतून निघालेली मगन चूल किंवा १९८३च्या सुमारास सुरू झालेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम, मगन चुलीत आणि या कार्यक्रमातल्या बऱ्याच चुलींत धुराची नळी होतीच. पण काजळी काढली नाही तर उत्तम नळीही बुजते, आणि अशा अनेक चुली पुढे वापरातून गेल्या. माझ्या मते नळी विकणाऱ्याने सोबत लांब दांड्याचा ब्रशही द्यायला हवा. साचलेली काजळी पेटली तर नळीतच वणवा लागतो, हे निराळंच.

ही भीती धाब्याच्या घरात जास्त. वरती लाकडी कड्या, त्यांच्यावर मातीचा थर. त्यातून एकेरी पत्र्याची नळी सरळ नेली तर कड्या वर्षानुवर्षं तापून हळूहळू कोळशाच्या वाटेला लागतात, आणि असं लाकूड मग कमी उष्णतेतही पेट घेतं. एकेरी नळी आणि लाकूड यांत दीड फूट अंतर हवं. तेवढं जमत नसेल तर मातीच्या भिंतीतून बाहेर काढावी. ओढ थोडी घटेल, पण घर राहील. वर ती धाब्यापासून किमान तीन फूट आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल, भिंत, टाकी, शेजाऱ्याचं धाबं, त्याहून दोन फूट उंच हवी, नाहीतर वाऱ्याचा भोवरा धूर परत खाली दाबतो. उन्हाळ्यात लोक धाब्यावर झोपतात, तेव्हा शेजाऱ्याची खाट कुठे पडते तेही आधी विचारून घ्यावं.