मुलांची व विद्यार्थ्यांची झोप (कोकण किनारपट्टी)

वाढत्या वयात शरीराची वाढ, स्मरण आणि मनाचे स्वास्थ्य यांसाठी लागणारी पुरेशी, अखंड आणि ठरावीक वेळची झोप ही निरोगी झोप समजली जाते. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीच्या २०१६ मधील शिफारशीनुसार ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते, आणि दिवसा शिकलेले पक्के होण्याचे कामही बऱ्याच अंशी झोपेतच चालते; म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेले पाठांतर दिसते तेवढे उपयोगी पडत नाही.

पौगंडावस्थेत मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे झोप लागण्याची वेळ साधारण एक ते दोन तासांनी पुढे सरकते. घरचे याला आळस म्हणतात, पण तो बहुधा आळस नसतो. तालुक्याच्या गावी सकाळी सातचा वर्ग गाठण्यासाठी वाडीवरून पहिली एसटी पकडणारी मुलगी पाचला उठते. तिला अकराच्या आधी झोप लागत नसेल, तर पदरात सहाच तास पडतात. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. तो निर्णय योग्यच होता. मात्र ज्यांचे शरीर-घड्याळ खरोखर पुढे सरकलेले असते, ते वरच्या वर्गांतील विद्यार्थी त्यात आले नाहीत.

झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान किंचित उतरावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यावरील दमट हवेत घाम वाळत नाही, त्यात लाईट गेली की पंखाही थांबतो. पडवीत किंवा खळ्यात मच्छरदाणी लावून निजण्याची जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. कार्तिकापासून सिंधुदुर्गात सुरू होणाऱ्या जत्रांत दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटे दहीकाल्याने संपतो, तर शिमग्याची पालखी नेमकी दहावीच्या परीक्षेच्या सुमारास घरोघर फिरते. एखाद्या रात्रीच्या जागरणाने फारसे बिघडत नाही. बिघडते ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळल्याने, कारण त्या रात्री पुन्हा वेळेवर डोळा लागत नाही. रोज अंथरुणात मोबाईल पाहणे आणि संध्याकाळनंतर चहा पिणे यांचा परिणामही असाच होतो.

लहान मूल निजल्यावर तासा-दोन तासांत किंचाळून उठते, डोळे उघडे असूनही आईला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, तेव्हा बाधा झाली असे समजून देवाला गाऱ्हाणे घातले जाते. हा निद्राभयाचा प्रकार गाढ झोपेतून अर्धवट जाग आल्याने होतो व वय वाढेल तसा बहुधा आपोआप थांबतो. मुलाला हलवून जागे करू नये, फक्त इजा होणार नाही एवढे पाहावे. दुःस्वप्न मात्र पहाटेकडे पडते आणि मुलाला ते सांगता येते.

खरी दुर्लक्षित तक्रार घोरण्याची आहे. ‘कसा गाढ झोपलाय’ असे कौतुक होत असते, पण रोज घोरणाऱ्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या आणि मध्येच श्वास अडकून दचकणाऱ्या मुलाचे घशातील टॉन्सिल किंवा नाकामागील ॲडेनॉइड या गाठी वाढलेल्या असू शकतात. असे मूल दिवसा पेंगतेच असे नाही. पुष्कळदा ते चिडचिडे व अतिचंचल होते आणि शाळेत व्रात्य ठरते. त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. वाढलेल्या गाठी काढल्यावर बहुतेक मुलांचा त्रास बराच कमी होतो.