धान जितकं, तितकं तणस? नाही!

भंडारा-गोंदियाकडे धानकापणी आली की एक हिशेब हमखास ऐकू येतो: एकरी जितके क्विंटल धान, तितकंच तणस, म्हणजे धानाचा पेंढा, बेलरमधून (पेंढ्याचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रातून) निघणार. हा हिशेब अर्धवट आहे. उभ्या पिकात तणस धानाइतकं, कधी जास्तही असतं. पण हार्वेस्टर उंचावरून कापतो आणि उरलेले धसकट बांधीतच उभे राहतात. बेलर उचलतो फक्त मोकळं पडलेलं. त्यामुळे 20 क्विंटल धानाच्या एकरातून 10 क्विंटलच तणस हाती आलं, तर त्यात बेलरवाल्याची लबाडी शोधू नका.

खरं नुकसान गठ्ठे मोजण्यात होतं. समजा बेलरवाल्याला गठ्ठ्यामागे 30 रुपये द्यायचा दर ठरला. गठ्ठा 20 किलोचा असेल, तर 10 क्विंटलचे 50 गठ्ठे, म्हणजे 1,500 रुपये. तोच सैल बांधून साडेबारा किलोचा झाला, तर 80 गठ्ठे आणि 2,400 रुपये. चारा मात्र तेवढाच! म्हणून पहिले चार-पाच गठ्ठे काट्यावर घ्या, मगच दर बोला. अन् दव वाळल्याशिवाय बांधू देऊ नका. ओल्या गठ्ठ्याचं वजन फसवं असतं, आतून बुरशी धरते आणि तो चारा जनावरांना बाधतो.