चेंडू फेकण्यापासून बोट सरकवण्यापर्यंत

जत्रेच्या खेळांचं कुठलंही मोबाइल अ‍ॅप उघडा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा तंबू, पिपाणीसारखी गरगरती धून आणि ओळीने मांडलेले खेळ: बाटलीच्या गळ्यात रिंग टाका, फुगे फोडा, बिळातून डोकं काढणाऱ्या प्राण्याला हाणा. तो तंबू आपला नाही, आपल्या जत्रेत ताडपत्री असते. पण रिंग ओळखीची आहे. साबणाच्या वडीवर किंवा पावडरच्या डब्यावर ती बसता बसता कशी घरंगळते, हे जत्रेत दहा-वीस रुपये घालवलेल्या प्रत्येकाला माहीत असतं.

तंबूचं मूळ अमेरिकेत आहे. 1893 साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा करमणुकीचे खेळ ‘मिडवे प्लेझन्स’ नावाच्या लांबलचक पट्ट्यात बसवले होते. फेरिसचा 264 फूट उंच आकाशपाळणा तिथलाच. पुढे अमेरिकेतल्या जत्रांमध्ये खेळांच्या गल्लीलाच ‘मिडवे’ म्हणू लागले.

या गल्लीतल्या दुकानदाराचं गणित साधं होतं. खेळ लांबून बघूनही कळला पाहिजे, अर्ध्या मिनिटात संपला पाहिजे आणि हरणाऱ्याला ‘थोडक्यात हुकलं’ असंच वाटलं पाहिजे. त्यासाठीच्या युक्त्याही जुन्या. पाडायच्या बाटल्यांपैकी एखादी तळाशी जड केलेली. बास्केटबॉलचं कडं नेहमीपेक्षा लहान, कधी किंचित लंबगोल. फुगे कमी फुगवलेले आणि बाणांची टोकं बोथट. सगळेच असं करत होते असं नाही, पण या धंद्याचं नाव फार चांगलं कधीच नव्हतं. माझ्या मते आजच्या मोबाइल खेळाची रचना इथेच ठरली. संगणक नंतर आला.

मधला दुवा म्हणजे स्की-बॉल. न्यू जर्सीतल्या जोसेफ फोरेस्टिअर सिम्पसन यांनी 1908 साली त्याचं पेटंट मिळवलं. उतरणीवरून लाकडी चेंडू घरंगळवायचा, तो शेवटच्या उंचवट्यावरून उडून गुणांच्या गोल भोकांत पडतो. सुरुवातीची पट्टी तीस फुटांहून लांब होती, त्यामुळे ती खेळायला ताकद लागे आणि ठेवायला जागा. 1920च्या दशकाच्या अखेरीस ती 14 फुटांवर आली, आणि बायका-मुलंही सहज खेळू लागली. 1932 साली अटलांटिक सिटीत राष्ट्रीय स्पर्धा झाली. खेळ जितका आखूड, तितकी माणसं जास्त, हा धडा मोबाइलवाल्यांनी पुढे फार मन लावून गिरवला.

प्राण्याला हाणायचा खेळ मात्र जपानी. टोगो कंपनीने 1975 साली ‘मोगुरा ताइजी’, म्हणजे चिचुंदरीसारख्या मोल प्राण्याचा बंदोबस्त, असं यंत्र काढलं. ते बघून अमेरिकेत आरन फेक्टर यांनी हवेच्या दाबावर चालणारं यंत्र बनवलं आणि ‘बॉब्ज स्पेस रेसर्स’ या कंपनीने ते ‘व्हॅक-ए-मोल’ म्हणून जत्रांत पोहोचवलं.

जत्रा पडद्यावर यायलाही फार वेळ लागला नाही. सेगा कंपनीच्या 1980च्या ‘कार्निव्हल’ या व्हिडिओ गेममध्ये नेमबाजीचं दुकानच होतं: सरकणारी बदकं, ससे, घुबडं आणि मोजक्या गोळ्या. न मारलेलं बदक खाली उतरून तुमच्या गोळ्या खाऊन टाकी. दुकानदाराचा कावा इतक्या मिश्कीलपणे क्वचितच कुणी दाखवला असेल. बदकांच्या नेमबाजीचाच निन्टेन्डो कंपनीचा ‘डक हंट’ 1984चा.

तरी बटण दाबणं म्हणजे फेकणं नव्हे. ती अडचण 2006 साली आलेल्या निन्टेन्डोच्या ‘वी’ या टीव्हीला जोडायच्या गेम यंत्राने सोडवली. त्याचं रिमोट हातात धरून खरोखर हात फिरवायचा. 2007 साली कॅट डॅडी गेम्स या कंपनीने त्याच्यासाठी ‘कार्निव्हल गेम्स’ बनवला, ज्यात पंचवीसहून जास्त जत्रेचे खेळ एकत्र होते. समीक्षकांनी नाकं मुरडली, लोकांनी लाखो प्रती घेतल्या. घरात पाहुणे आले की आजीच्या हातातही रिमोट देता येतो, ही गोष्ट समीक्षकाच्या हिशेबात बसत नाही. वेगवेगळ्या दुकानांची अख्खी गल्ली एका डब्यात विकता येते, हे या खेळाने दाखवून दिलं.

अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर 2008च्या जुलैत उघडलं. वर्षभरात स्पर्शाच्या पडद्यावर फेकण्याची खूण ठरून गेली: बोट टेकवा, वर सरकवा, सोडा. 2009च्या ‘पेपर टॉस’मध्ये कागदाचा बोळा टोपलीत जातो तो तसाच. त्याच वर्षी आयफोनवर स्की-बॉलही आला. 14 फुटांची पट्टी तळहातावर मावली.

2009च्या ऑक्टोबरमध्ये अ‍ॅपलने फुकट अ‍ॅपच्या आत खरेदीची परवानगी दिली आणि जत्रेची फाटकाशिवायची रचना परत आली. आत यायला पैसे नाहीत, पुढच्या चेंडूला आहेत. नाहीतर जाहिरात बघा. स्की-बॉलसारख्या यंत्रांवर गुणांप्रमाणे तिकिटं मिळायची, ती देऊन टेडी किंवा पेन्सिल घ्यायची. अ‍ॅपमध्येही तिकिटं मिळतात. टेडी मात्र पडद्यातच राहतो आणि तिकिटांवर मिळतो तो बहुतेक वेळा नवा खेळ किंवा नव्या रंगाचा चेंडू.

असे संग्रह इतके उगवण्यामागे कायद्याचाही हात आहे. रिंग टाकण्याच्या नियमांवर कुणाचा कॉपीराइट चालत नाही, त्यामुळे कुणीही नवी जत्रा मांडू शकतो. नावं तेवढी राखीव आहेत. ‘व्हॅक-ए-मोल’ खेळणी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीकडे, ‘स्की-बॉल’ 2016पासून बे टेक या कंपनीकडे. म्हणूनच या अ‍ॅपमध्ये ओळखीचे खेळ भलत्याच नावांनी भेटतात. बाटलीचं वजनही आता शिशाचं नाही, प्रोग्राममधला एक आकडा आहे, आणि अपडेट आलं की तो बदलू शकतो.