ऑडिओग्राम सेम, पण पेशंट एकदम वेगळे

समजा दोन ऑडिओग्राम (किती ऐकू येतं हे दाखवणारे टेस्टचे आलेख) आहेत, दोन्हींत दोन्ही कानांना साधारण ९० डेसिबल हिअरिंग लॉस. एक साठीनंतर हळूहळू ऐकू येईनासं झालेल्या आजोबांचा, दुसरा जन्मापासून बहिऱ्या असलेल्या, आयएसएल म्हणजे भारतीय सांकेतिक भाषेत बोलणाऱ्या तिशीतल्या बाईचा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल लॉस असला की बधिर, म्हणजे सर्टिफिकेटवर दोघं सारखेच. पण क्लिनिकमध्येही दोघांना एकाच पद्धतीने वागवलं की घोळ होतो.

आजोबांची भाषा मराठी. नातवाचं बोलणं, फोन, कीर्तन हे त्यांचं सुटलंय आणि ते त्यांना परत हवंय. समोर बसून, तोंडावर उजेड ठेवून, जरा सावकाश बोला (ओरडू नका, ओरडलं की ओठांचा आकारच बदलतो), मुख्य गोष्टी लिहून द्या, कानाचं मशीन नीट सेट करा, बरंचसं काम होतं.

त्या बाईंचं काही सुटलेलंच नाहीये. मैत्रिणी, नवरा, भांडणं, गप्पा सगळं आयएसएलमध्ये चालू आहे आणि लिहिलेली मराठी अशा बऱ्याच जणांसाठी दुसरी भाषा असते, त्यामुळे कागदावर चार ओळी खरडल्या म्हणजे समजावून सांगितलं असं होत नाही. आयएसएलमध्ये 'कुठे', 'का' वाक्याच्या शेवटी येतात, प्रश्न भुवयांवरून कळतो, म्हणून मास्क लावून, कॉम्प्युटरकडे बघत बोलणं म्हणजे अर्धं बोलणं लपवणं.

टेस्टमध्येच बघा. सूचना हेडफोन लावायच्या आधी, समोर बसून द्यायला हव्यात. २५० हर्ट्झला, म्हणजे खालच्या सुरात, मोठा आवाज सोडला की कधीकधी तो ऐकू येत नाही, कानाजवळ थरथर जाणवते, पेशंट बटण दाबतो आणि आपण 'ऐकू आलं' म्हणून मार्क करतो! 'ऐकू आलं की जाणवलं?' हे तिच्या भाषेत विचारता यायला हवं. शब्द ऐकून परत म्हणायची टेस्ट तर तिच्या बाबतीत फारसं काही सांगतच नाही.

आणि ती कदाचित फक्त यूडीआयडी कार्डसाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आलेली असते, तिला लगेच कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्राचं, सांगायला लागतात. जन्मापासून न ऐकलेल्या मोठ्या माणसाला इम्प्लांटने नुसतं ऐकून बोलणं समजेल असं बहुतेकदा होत नाही, हे स्पष्ट सांगायलाच हवं. मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच, सोबत आई असली की सगळे प्रश्न आईला, 'हिला कधीपासून त्रास आहे?' अहो, तिशीची बाई समोर बसलीये, तिला विचारा ना! घरचे लोक गाळून, गोड करून सांगतात, म्हणून आयएसएलचा इंटरप्रिटर (दुभाषी) हवा. मुंबईत बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत इंटरप्रिटर तयार होतात, प्रत्यक्ष कोणी मिळालं नाही तर व्हिडिओ कॉलवर घ्या. बोलताना बघायचं मात्र तिच्याकडे, इंटरप्रिटरकडे नाही. अपॉइंटमेंट फोनवर नको, व्हॉट्सॲपवर द्या, आणि नंबर आला की नाव पुकारत बसू नका, जवळ जाऊन हात हलवा किंवा खांद्याला हलकेच हात लावा.