राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आपण मत का देत नाही?

ग्रामपंचायत, नगरपालिका, विधानसभा, लोकसभा. या प्रत्येक निवडणुकीत तुमचे आईबाबा मतदान केंद्रावर जातात आणि बोटाला शाई लावून येतात. राष्ट्रपतिपद हे देशातलं सर्वोच्च पद, पण त्याच्या निवडणुकीत घरातल्या कुणालाच रांगेत उभं राहावं लागत नाही. ‘राष्ट्रपतींची निवड अप्रत्यक्ष पद्धतीने होते’ हे वाक्य परीक्षेपुरतं पाठ होतं आणि प्रश्न तिथेच राहतो. पण ही पद्धत ठरवताना संविधान सभेत चांगलीच चर्चा झाली होती, आणि पुढे तिचे नियम एकेका अडचणीतून घडत गेले.

चर्चेला सुरुवात जुलै १९४७ मध्ये झाली. सरकार चालवणार पंतप्रधान आणि त्यांचं मंत्रिमंडळ, राष्ट्रपतींनी त्यांच्या सल्ल्याने काम करायचं, ही रचना बहुतेकांना मान्य होती. पंडित नेहरूंचं म्हणणं असं की, सगळ्या देशाने मत देऊन एका माणसाला निवडायचं आणि मग त्याच्या हाती खरी सत्ता द्यायची नाही, हे विसंगत ठरेल. बरं, फक्त संसदेने निवड करावी म्हटलं, तर दिल्लीत ज्या पक्षाचं बहुमत त्याचाच माणूस राष्ट्रपती होणार. म्हणून राज्यांच्या विधानसभांनाही मतदानात घेतलं गेलं.

सगळ्यांना हे पटलं नव्हतं. मुंबईचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक के. टी. शाह यांनी डिसेंबर १९४८ मध्ये दुरुस्ती सुचवली की, राष्ट्रपती प्रौढ मतदारांनी थेट निवडावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तरात तीन गोष्टी मांडल्या: मतदारांची प्रचंड संख्या, एवढी निवडणूक पार पाडायला लागणारी सरकारी यंत्रणा, आणि राष्ट्रपतींच्या हाती प्रत्यक्ष सत्ता नसणं. शाह यांची दुरुस्ती नामंजूर झाली. माझ्या मते तिसरं कारण सर्वांत वजनदार होतं. यंत्रणा पुढे उभी राहिलीच, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते. पण थेट जनतेतून आलेला राष्ट्रपती आणि लोकसभेच्या विश्वासावर उभा असलेला पंतप्रधान यांच्यात मतभेद झाले तर शेवटचा शब्द कोणाचा, हा पेच यंत्रणेने सुटला नसता.

पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांना २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेनेच बिनविरोध निवडलं. नव्या पद्धतीने खरी लढत झाली ती १९५२ मध्ये. प्रसादांना ५,०७,४०० मतं पडली. दुसऱ्या क्रमांकावर ९२,८२७ मतं घेऊन होते तेच के. टी. शाह! आपण नाकारलेल्या पद्धतीत ते स्वतः उमेदवार म्हणून उतरले. हरलेला मुद्दा मांडणारा माणूस लोकशाहीत कसा वागतो, हे शाह यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आता तुम्ही विचाराल, त्या वेळी आमदार-खासदार मिळून पाच लाख होते का? नव्हते. इथे एका माणसाचं एकच मत धरत नाहीत, प्रत्येक मताला ‘मूल्य’ असतं. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला विधानसभेतल्या निवडून आलेल्या आमदारांच्या जागांनी भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा एक हजाराने भागायचं. महाराष्ट्राचं गणित वहीत करून पाहा. लोकसंख्या ५,०४,१२,२३५, आमदार २८८. उत्तर येतं १७५. म्हणजे आपल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५, आणि सगळ्यांचं मिळून ५०,४००. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मूल्य २०८, गोव्याच्या आमदाराचं २०, सिक्कीमच्या आमदाराचं अवघं ७. मोठ्या राज्याचा एक आमदार जास्त लोकांच्या वतीने मत देतो, म्हणून हा फरक.

लोकसंख्येचा आकडा पाहून कुणीतरी चमकलं असेल. महाराष्ट्र तर २०११ च्या जनगणनेतच ११ कोटींच्या पुढे गेला होता! पण या गणितात १९७१ ची जनगणना धरतात. कुटुंबनियोजन मनापासून राबवणाऱ्या राज्यांचं वजन त्यामुळे घटू नये, म्हणून १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने हा आकडा गोठवला आणि पुढे ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली.

देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागलं की एका खासदाराच्या मताचं मूल्य निघतं. २०२२ मध्ये ते ७०० होतं. त्यामुळे केंद्राचं पारडं आणि राज्यांचं पारडं जवळपास सारखं राहतं. विधान परिषदेच्या आमदारांना मात्र मत नाही, आणि नामनिर्देशित सदस्यांनाही नाही. लता मंगेशकर २००२ मध्ये आणि सचिन तेंडुलकर २०१२ व २०१७ मध्ये राज्यसभेचे सदस्य होते, तरी राष्ट्रपतींच्या निवडणुकीत त्यांना मतदान करता आलं नाही. ते निवडून आलेले नव्हते, नेमलेले होते.

१९५७ मध्ये वेगळीच अडचण आली. हिमाचल आणि पंजाबच्या काही भागांतल्या निवडणुका व्हायच्या होत्या. मतदारमंडळ, म्हणजे मत देणारे आमदार-खासदार, अपुरं असताना राष्ट्रपती निवडू नये, असं म्हणत नागपूरचे डॉ. ना. भा. खरे सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने निवडणूक थांबवली नाही. पुन्हा असा वाद नको, म्हणून १९६१ च्या ११ व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट केलं की, काही जागा रिकाम्या आहेत एवढ्याच कारणाने निवडणुकीला आव्हान देता येणार नाही.

ही पद्धत खऱ्या अर्थाने कसाला लागली ती १९६९ मध्ये. डॉ. झाकीर हुसेन यांचं ३ मे रोजी पदावर असतानाच निधन झालं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते नीलम संजीव रेड्डी. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने पाठिंबा दिला तो चिंतामणराव देशमुखांना. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावरून अर्थमंत्रिपद सोडणारे हेच ते. पंतप्रधान इंदिरा गांधींनी ऐनवेळी आपल्या पक्षाच्या लोकांना ‘अंतरात्म्याच्या आवाजाने’ मत द्यायला सांगितलं.

या निवडणुकीत मतदार एका नावापुढे फुली मारत नाही. उमेदवारांच्या नावांपुढे आपल्या पसंतीने १, २, ३ असे क्रम लिहितो. जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. १९६९ मध्ये हा कोटा होता ४,१८,१६९. पहिल्या पसंतीची मतं अशी पडली: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. उरलेले बारा उमेदवार फार मागे होते. कोटा कुणीच गाठला नाही. मग सर्वांत कमी मतं मिळालेल्या उमेदवाराला बाद करायचं, त्याच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती कोणाला आहे ते पाहायचं आणि ती मतं त्या उमेदवाराच्या खात्यात टाकायची. असं एकेक करत शेवटी देशमुखही बाद झाले. त्यांच्याकडची मतं वाटली गेली तेव्हा गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. गिरींनी कोटा ओलांडला तो अवघ्या १,९०८ मतांनी. दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली, अशी ही आजवरची एकमेव राष्ट्रपतिपदाची निवडणूक.

त्या वेळी रिंगणात पंधरा उमेदवार होते, त्याआधी १९६७ मध्ये तर सतरा. त्यातल्या कित्येकांना एकही मत पडत नसे. म्हणून १९७४ मध्ये दहा सूचक आणि दहा अनुमोदक मतदारांची अट आली. तिचा परिणाम १९७७ मध्ये दिसला: ३७ जणांनी अर्ज भरले, ३६ बाद झाले आणि आठ वर्षांपूर्वी हरलेले रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. १९९७ पासून पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक आणि पंधरा हजार रुपये अनामत लागते.

मतदानाची रीतही पाहण्यासारखी आहे. इथे मतदान यंत्र नसतं, कारण पसंतीक्रम लिहायचा असतो. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. स्वतःचं पेन चालत नाही, निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच आकडा लिहावा लागतो. तो देवनागरीत लिहिला तरी चालतो, अक्षरांत ‘एक’ लिहिलं तर मत बाद. आपले आमदार मुंबईत विधान भवनात मतदान करतात आणि ती मतपेटी दिल्लीला जाते. २०२२ मध्ये अशा पेट्यांसाठी विमानात अधिकाऱ्याशेजारच्या आसनाचं स्वतंत्र तिकीट काढलं होतं.

मतदान गुप्त असतं आणि या निवडणुकीत पक्षाला व्हिप, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा आदेश, काढता येत नाही. म्हणूनच २००७ मध्ये जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या, तेव्हा भाजपच्या आघाडीत असूनही शिवसेनेने ‘मराठी राष्ट्रपती’ म्हणून त्यांना पाठिंबा दिला. प्रतिभाताईंना ६,३८,११६ मतं मिळाली, भाजपच्या आघाडीने पाठिंबा दिलेल्या भैरोसिंह शेखावतांना ३,३१,३०६, आणि त्या वर्षी २५ जुलैला देशाला पहिल्या महिला राष्ट्रपती मिळाल्या.