पोटॅमोगेटॉन : मराठवाड्यातील जाती आणि त्यांची ओळख

गोड्या पाण्यात वाढणाऱ्या, चिखलात मुळे रोवून राहणाऱ्या एकदल वनस्पतींची प्रजाती (जवळच्या जातींचा गट). कुल पोटॅमोगेटोनेसी. लिनीअसने 1753 मध्ये नोंदलेल्या या नावाचा ग्रीक अर्थ ‘नदीचा शेजारी’. मराठवाड्यात नाथसागराच्या उथळ काठापासून कालव्यापर्यंत पाण्यात जे हिरवे दिसेल त्याला सरसकट शेवाळ म्हणतात. हायड्रिला, कारा, व्हॅलिस्नेरिया आणि पोटॅमोगेटॉन सगळे त्याच एका शब्दात मोडतात. या भागात मुख्यतः तीन जातींची ओळख लागते : पो. नोडोसस, पो. क्रिस्पस आणि पो. पेक्टिनाटस. तिसरीला आता स्टुकेनिया पेक्टिनाटा म्हणतात, पण जुन्या सूचींत आधीचेच नाव सापडते.

आधी प्रजातीची खात्री करावी. पोटॅमोगेटॉनची पाने खोडावर एकाआड एक असतात. फुलोऱ्याच्या लगत मात्र ती समोरासमोर आल्यासारखी दिसतात, म्हणून खोडाचा मधला भाग पाहावा. हायड्रिलात एका पेऱ्यावर तीन ते आठ पाने गोलाकार मांडलेली असतात. व्हॅलिस्नेरियाच्या फिती तळातून निघतात.

जात ठरवताना पानाच्या आकारावर विसंबणे ही सर्वांत मोठी चूक. पाण्याची खोली, वेग आणि गढूळपणा बदलला की एकाच रोपाची पाने बदलतात. भरवशाचा अवयव म्हणजे पानाच्या बुडाशी असलेले पातळ, पारदर्शक उपपर्ण. पान हलकेच खाली ओढावे. उपपर्ण पानाच्या बुडाला चिकटून गवतासारखे आवरण झाले असेल आणि पानाबरोबर सुटून येत असेल, तर ती स्टुकेनिया. उपपर्ण सुटे राहिले तर उरलेल्या दोहोंपैकी एक.

स्टुकेनियाची पाने दोऱ्यासारखी, सुमारे एक मिलिमीटर रुंद, 5 ते 15 सेंटीमीटर लांब. फुलांची कणिशे मण्यांच्या तुटक माळेसारखी. चिखलातल्या मूलक्षोडांवर (आडव्या, जमिनीखालच्या खोडांवर) पिठूळ गाठी धरतात. चांदवा आणि लालसरी हे पाणपक्षी त्या खातात. ही जात थोडे खारे आणि गढूळ पाणीही सोसते. हिच्याशी झानिकेलिया पॅलुस्ट्रिस या दुसऱ्या पाणवनस्पतीची गल्लत होते. तिची पाने समोरासमोर किंवा तीन-तीन, आणि फळे पानांच्या बगलेत, किंचित वाकलेली. नाजास ही तशीच बारीक पानांची पाणवनस्पती असेल तर पानाची कड भिंगातून दातेरी दिसते.

पो. क्रिस्पसची पाने पाण्यातच राहतात. देठ नाही, टोक बोथट, रुंदी 5 ते 12 मिलिमीटर, कड बारीक दातेरी आणि नागमोडी. कोवळ्या फांदीवर नागमोड नसते, दाते मात्र असतात. म्हणून दहापट मोठे दाखवणारे भिंग लागतेच. पाणी तापू लागले की खोडांवर कडक, काटेरी कळ्या धरतात, त्या तळाला पडतात आणि पाणी थंडावल्यावर फुटतात. त्यामुळे ही जात शोधायची ती हिवाळ्यात. फळाची चोच (टोकाचा निमुळता भाग) लांब, वाकडी; एवढ्यावरही जात ठरते.

पो. नोडोसस वाहत्या पाण्यात, बंधाऱ्यांत आणि कालव्यांतही तग धरते. तरंगणारी पाने लांबट, लांब देठाची, साधारण 5 ते 12 सेंटीमीटर. बुडालेली पाने पातळ, त्यांनाही लांब देठ. ही बुडालेली पाने फुलोऱ्याच्या वेळेपर्यंत कुजतात, मग रोप केवळ तरंगत्या पानांचे वाटते. अपोनोजेटॉन या तरंगत्या पानांच्या दुसऱ्या वनस्पतीशी घोळ झाला तर खाली हात घालावा : त्याची पाने थेट कंदातून निघतात, पानाळ खोड नसते. पाणी ओसरल्यावर चिखलात राहिलेल्या नोडोससची पाने आखूड व जाड होतात. अशा नमुन्यावरून जात सांगू नये.

कठीण (चुन्याचे क्षार जास्त असलेल्या) पाण्यात पानांवर चुन्याचा पांढरा थर बसतो. प्रकाशसंश्लेषणासाठी वनस्पती बायकार्बोनेट वापरतात तेव्हा कॅल्शियम कार्बोनेट पानावर साचते. थराखाली दाते झाकले जातात आणि क्रिस्पसची कड सपाट वाटते. पान सौम्य व्हिनेगरमध्ये बुडवून फेस थांबेपर्यंत ठेवावे, मग साध्या पाण्यात धुवावे. काराही असाच पांढरा होतो, पण तो शैवाल; त्याला खरी पाने नसतात आणि चुरडल्यावर उग्र, लसणीसारखा वास येतो.

नमुना दोरीला बांधलेल्या आकड्याने मूलक्षोडासह काढावा. वरचे तुकडे ओढून आणले तर गाठी आणि बुडालेली पाने तळ्यातच राहतात. पांढऱ्या तबकात पाणी घेऊन त्यात पसरून पाहावे. वाळवण्यासाठी पाण्याबाहेर काढून कागदावर ठेवू नये, पाने एकमेकांना चिकटतात. जाड कागद पाण्याखाली सरकवून त्यावर रोप तरंगत पसरावे आणि कागद तिरका उचलावा. वर मलमलीचा तुकडा, मग वर्तमानपत्र आणि वजन. वर्तमानपत्र रोज बदलावे, मलमल मात्र पाने सुकेपर्यंत उचलू नये. फळे असतील तर चार-पाच वेगळ्या कुपीत ठेवावीत; दाबल्यावर त्यांची चोच मोडते.